लाभांश आणि योगक्षेम

नांगर दुसऱ्याने धरावा आणि धान्य आपण घरी आणावे, हे धर्मास मान्य आहे काय? जबलपूर जिल्ह्यातील पाटन तहसिलीत हा प्रश्न नवा नाही. गहू व वाटाणा पिकविणाऱ्या त्या भागात वार्धक्यामुळे शेत कसू न शकणारा मालक जमीन बटाईने देतो आणि पिकाचा ठरलेला हिस्सा घेतो. अशाच एखाद्या निवृत्त गृहस्थाजवळ आज जमिनीऐवजी कंपन्यांचे शेअर असतात व तो लाभांशावर निर्वाह करतो. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला.

प्रथम लाभांशाचे स्वरूप ओळखले पाहिजे. ठेवीवरील व्याज हे मक्त्यासारखे. पीक येवो वा बुडो, ते ठरलेलेच. लाभांश हा बटाईचा हिस्सा होय. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तो चालू वर्षाच्या अथवा मागील संचित नफ्यातूनच द्यावयाचा असतो, आणि नफा झाला तरी तो दिलाच पाहिजे असे नाही. १७ एप्रिल २०२० रोजी, महामारीच्या काळात, रिझर्व्ह बँकेने बँकांना त्या मार्चअखेर संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश देण्यास मनाई केली. ज्यांची चूल केवळ त्या लाभांशावर पेटत होती, त्यांना नियमित भासणारे फळही आपल्या हाती नसते, हे तेव्हा कळले.

फलावर अधिकार नाही, हे गीतेचे वचन म्हणजे निर्वाहाची चिंताच करू नये, असा त्याचा अर्थ नव्हे. अप्राप्ताची प्राप्ती तो योग आणि प्राप्ताचे रक्षण तो क्षेम, असे श्रीशंकराचार्य सांगतात. कौटिल्य याच्यापुढे आणखी दोन पायऱ्या मांडतो: रक्षिलेल्याची वृद्धी व वाढलेल्याचा सत्पात्री विनियोग. गृहस्थाचे कर्म यांतच आहे. भिन्न भिन्न उद्योगांत धन वाटून ठेवावे. एक-दोन वर्षांचा खर्च निराळा सुरक्षित ठेवावा. सारा लाभांश खर्चू नये, कारण महागाई त्याला दरवर्षी कुरतडीत असते. हे केल्यावर जे येईल ते प्रसाद मानावे.

येथे लोभ वेष पालटून येतो. दोनशे रुपयांच्या शेअरवर दहा रुपये मिळत असता उत्पन्न शेकडा पाच होते. उद्योग डबघाईस येऊन भाव शंभरावर आला की, मागील लाभांशाच्या हिशेबाने तेच शेकडा दहा दिसू लागते. मोठ्या आकड्याला भुललेला मनुष्य क्षीण होणाऱ्या गाईचे दूध मोजीत बसतो.

आणखी एक गोष्ट विचारणीय आहे. ठेवीदार हा धनको असतो, शेअरधारक हा अंशतः मालक. हिंसेच्या प्रकरणी मनूने केवळ मारणाऱ्यालाच नव्हे, तर अनुमती देणाऱ्याला व विकत घेणाऱ्यालाही दोषी गणले आहे. मग जो उद्योग व्यसन वाढवून किंवा नदी नासवून नफा मिळवितो, त्याचा अंश घेणारा “मी तर घरी बसलो होतो” असे म्हणून सुटू शकेल काय? बटाईदाराला नाडून आणलेले धान्य जसे मालकाच्या पात्रात येते, तसाच तो लाभांशही येतो. तेव्हा किती मिळते याच्याआधी कोठून मिळते, हे विचारणे प्राप्त आहे.

तात्पर्य, पूर्वश्रमाच्या संचयावर वृद्धाने निर्वाह करणे अधर्म नव्हे; पुरवणाऱ्याला काही न देता एकट्याने भोगणे मात्र गीतेच्या तिसऱ्या अध्यायानुसार चौर्य होय. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. तो निष्कपटपणे भरावा, उरलेल्यातून दानाचा वाटा काढावा, आणि मगच आपले पान वाढावे.