संशयाचा कायदा आणि आपण

माणसानं काही केलं म्हणून त्याला कोंडायचं, का तो काही करील म्हणून? प्रश्न एवढाच आहे. राष्ट्र, सीमा, शत्रू, सुरक्षा ही त्याच्यावर चढवलेली झूल. झूल भारी आहे, तिच्याखाली प्रश्न दिसेनासा होतो.

अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, "दादा, विनाखटला डांबायचं कलम तर बाबासाहेबांनीच घटनेत आणलं. मग आपण कुठल्या तोंडानं बोंबलायचं?" वर्ग चिडीचूप. दोघातिघांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं पुतळ्याला धक्का लावला. मला पोरगा आवडला. त्याला उत्तर देणं लागतंय.

खरं ते असं. १३ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत वाद होता. माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य हिरावताना कायद्यानं ठरवलेली पद्धत पाळली म्हणजे पुरे, का ती पद्धत न्याय्य आहे हे न्यायाधीशानंही तपासायचं? बाबासाहेबांनी दोन्हीकडचा धोका सांगितला. पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ मूलभूत हक्क तुडवू शकतं, आणि पाचसहा न्यायाधीश आपल्या कलानं चांगला कायदाही मोडू शकतात. इकडं आड, तिकडं विहीर. निवाडा त्यांनी सभागृहावर सोडला. सभागृहानं न्यायाधीशाला बाजूला ठेवलं. मग १५ सप्टेंबर १९४९ ला ते पंधरा-अ कलम घेऊन आले, तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. हातातून गेलेल्याची ही भरपाई होती. पण त्याच कलमाच्या पोटात स्थानबद्धताही आली. तीन महिने विनाखटला, त्यापुढं ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार, आणि संसदेला त्यातूनही एक पळवाट. सार्वजनिक शांतता आणि सैन्य पोखरणारे लोक निघाले तर एका माणसाचं स्वातंत्र्य राज्याच्या हिताच्या वर ठेवता येणार नाही, असंही ते बोलले. हे झाकायचं कशाला?

फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं, गांधींचा खून ताजा होता, तेलंगणात बंदुका चालू होत्या. हे सगळं ध्यानात घेऊनही मी ते कलम पोथीसारखं वाचणार नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, असं ज्या माणसानं २५ नोव्हेंबर १९४९ ला बजावलं, त्याच्याच वाक्यापुढं डोळे मिटून बसायचं? माझं मत सांगतो. हत्यार त्यांना मोडता आलं नाही, म्हणून त्यांनी त्याला म्यान घातलं. पुढच्यांनी म्यान फेकलं आणि हत्यार ठेवलं.

आणि किती घाईनं! घटना लागू होऊन महिना झाला नाही तोच फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन सुप्रीम कोर्टात गेले आणि हरले. १९७१ ला मिसा. २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत, पाचातले चार न्यायाधीश म्हणाले की डांबलेल्या माणसाला कोर्टाचं दार वाजवायचाही हक्क नाही. एकटे न्या. खन्ना नाही म्हणाले. तो निकाल सुप्रीम कोर्टानं गाडला, पण २०१७ साली. आता ही गंमत बघा. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तीन महिन्यांचे दोन केले, सल्लागार मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनं बसवायचं ठरवलं. संसदेनं मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. पण ते कलम अमलात आणायची अधिसूचना काही निघाली नाही. निळ्यासोबत बसलेले, भगवे, तिरंगी, लाल टेकू घेतलेले, सगळे दिल्लीत येऊन गेले. कुणालाही एक कागद काढावासा वाटला नाही. मात्र वर्षभर डांबायचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० ला झपाट्यानं आला.

आपल्याला संशय नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आईच्या पोटातलं पोर गुन्हेगार ठरवलं. पारधी, कैकाडी, किती नावं घ्यायची. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, हजेरी होती. कृत्य बघायचं नाही, जात बघायची. मनूनं दुसरं काय सांगितलं होतं? तो कायदा १९५२ ला गेला, पण गावात चोरी झाली की जीप अजून पालावरच जाते. आणि महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए बघा. त्याच्या नावातच 'झोपडपट्टी गुंड' आहे. गुंड बंगल्यातही राहतो, पण बंगला काही कायद्याच्या नावात आला नाही.

माझ्याकडं १४९ च्या नोटिशींची चळत पडली आहे. आता नव्या संहितेत आकडा बदलला, कागद तोच. मोर्चाच्या आदल्या रात्री हवालदार दारात. तोही आपल्यातलाच, घरी बाबासाहेबांचा फोटो. "दादा, सही करा, वरून आलंय, माझा नाइलाज हाये." कागदावर लिहिलेलं, की आपल्याकडून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे. शक्यता! माझ्या शक्यतेची नोंद सरकारदरबारी आहे. माझ्या गटाराच्या अर्जाची नाही.

आता यूएपीए. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसं मेली. कसाबला लाठी घेतलेल्या तुकाराम ओंबळ्यांनी जीव देऊन धरला. त्याला सरकारनं वकील दिला, साक्षी झाल्या, मे २०१० मध्ये निकाल लागला, अपिलं संपली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. त्याच्यावर यूएपीएची कलमंही होती, पण शिक्षा पुराव्यानं झाली. त्याच हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीएत ४३-ड घुसवलं. आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन नाही, आणि आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. हे हत्यार कुणावर चाललं? 'विद्रोही'वाले सुधीर ढवळे जून २०१८ मध्ये आत गेले. जानेवारी २०२५ ला हायकोर्टानं जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षं उलटून गेली होती आणि आरोपनिश्चितीही झाली नव्हती. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, जयंतीच्या दिवशी, हजर झाले. अडीच वर्षांनी हायकोर्टाला त्यांच्याविरुद्ध दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. यांतलं कोण दोषी, कोण निर्दोष हे मी सांगत नाही. कोर्टानं सांगावं. पण सांगावं तरी! बंदूकवाल्याचा खटला फाशीपर्यंत चार वर्षांत संपतो आणि पुस्तकवाल्याचा साडेसहा वर्षांत सुरू होत नाही, याला सुरक्षा म्हणायचं का?

तरी सरकारचं पोट भरलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात संघटना बेकायदा ठरवायची आणि तिच्या सभासदाला तुरुंग. बेकायदा कृत्याची व्याख्या एवढी ढगळ, की रास्ता रोकोही तिच्यात मावेल.

आता उलटा प्रश्न, तो जास्त बोचतो. ॲट्रॉसिटीत अटकपूर्व जामीन नको म्हणून २ एप्रिल २०१८ ला आपण रस्त्यावर होतो. देशात त्या दिवशी आपली माणसं मेली. मग यूएपीएत जामीन अडवला की ओरडायचं कसं? वकिली उत्तर आहे. कलम १८ फक्त अटकेआधीचा जामीन अडवतं, अटकेनंतर नेहमीचा जामीन आरोपीला मागता येतो. आणि मुळात आरोपच उभा राहत नसेल तर अटकपूर्वही देता येतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२० ला म्हटलं. पण खरं उत्तर वकिली नाही. ॲट्रॉसिटीत फिर्याद झालेल्या गोष्टीची असते. बाई मारली, घर जाळलं, पाणी तोडलं. फिर्यादी गावकुसाबाहेरचा, आरोपी पाटलाच्या वाड्यातला, आणि साक्षीदाराला उद्या त्याच्याच शेतात मजुरीला जायचंय. यूएपीएत फिर्यादी खुद्द सरकार. पोलीस त्याचे, तुरुंग त्याचा. कडक कायदा कुणाच्या हातात आणि कुणाच्या अंगावर, हे न बघता दोन्ही एका तागडीत टाकणारा माणूस तटस्थ नसतो.

तरीही मला पुरतं समाधान नाही. आपल्या कायद्याखाली एखादा निर्दोष सवर्ण आत गेला आणि आपण टाळ्या पिटल्या, तर आपणही संशयावरच पोट भरायला लागलो. जातीवरून गुन्हा ठरवायचा नाही हे तत्त्व आपलं आहे. ते पाटलाच्या पोरालाही लागू. हे बोललो की आपलेच काही जण मला दलाल म्हणतात. म्हणू देत.

राहिलं राष्ट्र. १९५१ ला मंत्रिपद सोडताना बाबासाहेबांनी हिशोब मांडला होता. वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी लष्करावर, कारण आपल्या परराष्ट्र धोरणानं देशाला मित्र ठेवले नाहीत. त्याच निवेदनात ते म्हणतात, की अस्पृश्यांवरचा जुलूम होता तसाच आहे. मंत्री असताना त्यांना दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहाव्याशा वाटल्या. सुरक्षा कुणाची मोजायची, ह्याचा विचार तिथून सुरू करा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. राष्ट्राच्या सुरक्षेला धोका आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. महिनाभरानं आपली माणसं निषेधाला रस्त्यावर उतरली, तेव्हा मात्र सरकारच्या तोंडून शब्द आला, की ह्यामागं नक्षलवादी आहेत.