वापरकर्ता कोणाला म्हणावे?

न्यायशास्त्राप्रमाणे लक्षण नको त्याला लागू पडले तर अतिव्याप्ती, हव्या त्याला वगळले तर अव्याप्ती. इंटरनेट वापरणाऱ्यांच्या मोजणीत दोन्ही दोष सापडतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ जोडण्या मोजते. दोन सिमकार्डे बाळगणारा तिथे दोनदा येतो, म्हणूनही दिल्लीत दर १०० लोकांमागे १०० हून अधिक जोडण्या दिसतात. उलट, मुलाच्या मोबाइलवर कीर्तन ऐकणारी आजी कुठेच नसते. शिवाय ट्रायच्या महाराष्ट्र परिमंडळात गोवा आहे, मुंबई नाही! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) माणसांनाच विचारले, कधी इंटरनेट वापरले का? देशात ३३.३ टक्के स्त्रिया आणि ५७.१ टक्के पुरुष ‘हो’ म्हणाले. वय मात्र १५ ते ४९. आजी इथेही सुटली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ गेल्या तीन महिन्यांतला वापर धरतो. देशादेशांच्या तुलनेला ही मुदत सोयीची आहे, इतकेच.