अनामत, तारण आणि दंड

महाराष्ट्रातील शहरांत घर भाड्याने देण्याचा व्यवहार आज बहुतांशी 'लीव्ह अँड लायसन्स' कराराने होतो. हा करार म्हणजे घरावरील कायदेशीर ताबा मालकाकडेच राखून ठरावीक मुदतीपुरती, बहुधा ११ महिन्यांची, राहण्याची परवानगी देणे. आणि या परवानगीच्या बदल्यात मासिक भाड्याखेरीज जी रक्कम मालकाच्या हाती ठेवली जाते तिला अनामत किंवा सरसकट 'डिपॉझिट' म्हणतात. मुदत सुरळीत संपली आणि किल्ल्या हसतमुखाने परत आल्या, तर या रकमेविषयी तात्त्विक प्रश्न उद्भवण्याचे कारणच उरत नाही. प्रश्न उद्भवतो तो भाडेकरू भांडखोर निघाला, भाडे थकवून आणि शेजाऱ्यांशी तंटे करून गेला, आणि जाताना वर दमदाटीही करून गेला म्हणजे. नावडत्या माणसाचे जे धन आपल्या हाती आहे, ते परत करताना त्याच्या वागणुकीचा हिशेब धरावा काय, आणि धरायचा तर तो कोठवर, असा हा प्रश्न आहे. व्यवहारात तो क्षुल्लक वाटत असला तरी भारतीय धर्मशास्त्राने त्याला फार वरचे स्थान दिले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहारपदे, म्हणजे राजाने निवाडा करावयाचे वादविषय, अठरा सांगितली असून त्यांत ऋणादानानंतर लगेच दुसरे पद निक्षेपाचे आहे.

निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे सांभाळण्यासाठी ठेवलेली स्वतःची वस्तू. तीच वस्तू पेटीत मोहोरबंद करून, आत काय आहे ते न सांगता ठेवली तर तिला याज्ञवल्क्यस्मृती उपनिधी म्हणते. या दोहोंपासून आधी, म्हणजे कर्जाच्या हमीसाठी दिलेले तारण, वेगळा मानला जातो, आणि त्यातही केवळ राखून ठेवावयाचा तो गोप्य आधी व ज्याचा उपभोग धनकोने व्याजाऐवजी घ्यावयाचा तो भोग्य आधी, असा पोटभेद आहे. हे भेद पंडिती वाटले तरी त्यांवरच सारे अवलंबून आहे, कारण निक्षेप सांभाळणाऱ्याला त्या वस्तूवर कोणताही हक्क नसतो, तर तारण घेणाऱ्याला आपले येणे फिटेपर्यंत ते अडवून ठेवता येते. ठेवीचा स्वतःच्या मर्जीने उपभोग घेणाऱ्याला याज्ञवल्क्य दंड तर सांगतोच, शिवाय ती ठेव वाढीसह परत करावयास लावतो.

या कसोटीवर आजची अनामत रक्कम नेमकी कोठे बसते, हे सांगणे सोपे नाही. तिला नाव ठेवीचे आहे, तिचे प्रयोजन तारणाचे आहे, आणि प्रत्यक्षात तिचा वापर बिनव्याजी कर्जासारखा होतो, कारण मालक ती रक्कम कपाटात न ठेवता खर्चतो किंवा गुंतवतो. मुंबईत रूढ असलेला 'हेवी डिपॉझिट'चा व्यवहार, ज्यात मोठी रक्कम एकदम देऊन भाडे नाममात्र किंवा शून्य ठेवले जाते, हा तर भोग्य आधीचाच अवतार म्हणावा लागेल, कारण तेथे पैसे देणारा व्याजाऐवजी घर भोगतो. सरकारी तिजोरीला हे सत्य धर्मचिंतकांच्या आधी उमगलेले दिसते. कारण महाराष्ट्रात अशा करारावरील मुद्रांक शुल्क मोजताना परत करावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने काल्पनिक व्याज धरून ते भाड्यात मिळवले जाते. रोमन कायद्यातही हाच पेच वेगळ्या वाटेने आला होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने असे ठरवले की, सांभाळण्यासाठी दिलेली ठेव परत मागितली असता सांभाळणाऱ्याने 'माझेही तुझ्याकडे येणे आहे' असे म्हणून तीतून वजावट करू नये. येणे असेल तर त्याचा दावा त्याने निराळा लावावा. घराची अनामत मात्र वजावटीसाठीच दिलेली असते, म्हणून जस्टिनियनचा नियम तिला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही त्यातून एक मर्यादा हाती लागते: ज्या येण्याच्या हमीसाठी रक्कम दिली त्या येण्यापुरती ती तारण आहे, आणि त्यापलीकडचा तिचा प्रत्येक रुपया निक्षेप आहे.

ही मर्यादा तत्त्वतः कोणीही मान्य करील. ती प्रत्यक्षात ओलांडली जाते ती वजावटीची यादी करताना. किल्ल्या घेण्याच्या दिवशी मालक रिकाम्या घरातून फिरतो तेव्हा त्याला बैठकीच्या खोलीत टीव्हीसाठी पाडलेली चार भोके, ओट्यामागच्या टाइल्सवर बसलेला तेलाचा चिकट थर, मोरीतला निखळलेला नळ आणि माळ्याचे तुटलेले दार दिसते, आणि शेवटच्या महिन्याचे वीजबिल अजून यावयाचे असते. यांतील नळ, दार आणि वीजबिल हे निःसंशय येणे आहे. भिंतीचा विटलेला रंग ही वापरातून होणारी झीज आहे, आणि तिचे मोल भाड्यातच चुकते झालेले असते. रंगकामाचा खर्च कोणी करावयाचा हे करारात स्पष्ट लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. परंतु यादी लिहिणाऱ्या हातात त्या वेळी केवळ लेखणी नसते, वर्षभराचा राग असतो, आणि रंगाऱ्याचा अंदाज, सफाईचा खर्च, 'इतर' असा एक रकाना, असे करत एकूण बेरीज अनामतीच्या आकड्याशी चमत्कारिकरीत्या जुळते. भरपाईचे रूपांतर दंडात होते ते येथे. मनूने धनकोला आपले येणे वसूल करण्याचे पाच मार्ग दिले आहेत, त्यांत छल आणि बळ हेही आहेत, आणि स्वतःचे धन स्वतः वसूल करणाऱ्याला राजाने दोष देऊ नये असेही म्हटले आहे. एवढी मोकळीक देणारे हे शास्त्रही दंड करण्याचा अधिकार मात्र राजाकडेच ठेवते. 'त्याला धडा शिकवण्यासाठी' कापलेले पाच हजार रुपये हे म्हणून वसुलीत मोडत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम याच दिशेने जाते, कारण करारात दंडाची रक्कम स्पष्ट लिहिलेली असली तरी तेवढ्या मर्यादेत वाजवी असेल तीच भरपाई ते मिळू देते.

फुगवलेल्या यादीतील दोष नेमका कोणता, याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर जैन आचारशास्त्रात सापडते. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ उपासकाच्या, व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत उघडपणे न मोडता त्याला लावलेला कलंक. त्यांत न्यासापहार, म्हणजे ठेव गिळणे, हा अतिचार अचौर्यव्रताखाली येईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल, पण तो सत्यव्रताखाली घातला आहे. पूज्यपादांच्या 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत त्याचे उदाहरण असे: ठेवणारा आपण किती ठेवले ते विसरून कमी मागतो, आणि सांभाळणारा 'बरोबर आहे' म्हणून तेवढेच देतो. येथे हात काही उचलत नाही. जे घडते ते एका होकारात घडते. तीन हजारांच्या कामाची पाच हजारांची पावती जोडणे हे याच जातीचे कृत्य आहे, आणि समोरचा माणूस उर्मट होता म्हणून त्या पावतीवरील आकडा खरा होत नाही.

येथे इस्लामी परंपरेतील एक प्रसंग विशेष बोलका आहे. इ.स. ६२२ मध्ये मक्केतील विरोधकांच्या छळामुळे पैगंबर मुहंमद यांना मदिनेस निघून जावे लागले, तेव्हा मक्केच्या लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या ठेवी ज्याच्या त्याला परत देण्यासाठी त्यांनी आपले चुलतभाऊ अली यांना मागे ठेवले, असे चरित्रपरंपरा सांगते. ठेवीदाराचे वैर हे ठेव अडवण्याचे निमित्त होऊ शकते, हा विचारच तेथे नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८८ च्या ग्रंथात घेतलेले ठेवीचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे: ठेवणारा मरण पावला आहे, लेखी पुरावा नाही, आणि ठेव नाकारली तर कोणालाही कळणार नाही. कांटचा युक्तिवाद असा की, अशी ठेव नाकारावी हा सार्वत्रिक नियम झाला तर ठेव ठेवण्याची प्रथाच नष्ट होईल. परंतु मुका ठेवीदार आणि रोज फोन करून शिव्या घालणारा ठेवीदार यांत सद्वृत्तीची खरी परीक्षा दुसराच घेतो, कारण पहिल्याच्या बाबतीत केवळ लोभ आवरावा लागतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत लोभ न्यायबुद्धीचे कपडे घालून येतो.

याचा अर्थ मालकाने सारे सोसावे असा मात्र नाही. निक्षेप परत न करणारा आणि न ठेवलेले मागणारा या दोघांनाही मनू चोरासारखेच शासन सांगतो, आणि शेवटचे दोन महिने भाडे बंद करून 'डिपॉझिटमधून कापा' म्हणणारा भाडेकरू दुसऱ्या वर्गाच्या फार जवळ जातो, कारण ज्या हमीवर घर दिले ती हमीच तो खाऊन टाकतो आणि वर पूर्ण हिशेबाचा आग्रह धरतो. क्षमेला येथे जागा आहे, पण ती स्वतःच्या येण्यापुरतीच. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेवलेले दागिने चोरीस गेले, तेव्हा चोराने नेलेल्या ठेवीची जबाबदारी शास्त्राने त्याच्यावर टाकली नसतानाही त्याने पत्नीची रत्नमाला भरपाईदाखल पाठवली. ते औदार्य ठरते, कारण दिले ते स्वतःच्या घरातले होते. चार भोकांचे पैसे सोडून देणारा मालक अल्प प्रमाणात हेच करतो. उरलेली रक्कम 'मोठ्या मनाने' परत केल्याचे सांगणारा मालक मात्र मोठेपणा दुसऱ्याच्या पैशावर मिळवतो.

रक्कम कोणाला द्यावी हा प्रश्न शेवटी उरतो, आणि पुण्यासारख्या शहरात, जेथे तीन-चार विद्यार्थी मिळून एक घर घेतात, तो नेहमीच उपस्थित होतो. अनामत एकाच्या वडिलांनी भरलेली असते, करारावर सही दुसऱ्याची असते, आणि भांडून निघून गेलेला तिसरा आपला वाटा थेट मालकाकडे मागतो. ठेवणारा हयात असताना त्याच्या निकटच्या वारसालाही निक्षेप देऊ नये, असे मनू बजावतो, कारण मधल्या माणसाच्या हाती तो बुडाला तर ठेवणाऱ्याचा हक्क तसाच उभा राहतो. त्यामुळे वाद नसलेला भाग ज्या खात्यातून आला त्याच खात्यात, इतरांना कळवून, ताबा मिळताच पाठवावा. वादग्रस्त भाग पावत्यांसह निराळा काढून ठेवावा. आणि मुलांनी आपसांत वाटणी कशी करावी हा निवाडा मालकाने आपल्याकडे घेऊ नये.