माथ्यावरचा आकडा

नागपूर

चि. ऋतास,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो, धड बोलता आलं नाही. कळलं ते एवढं, की एका दूध संघाला परदेशातून लस आणून सभासदांच्या गायींना टोचायची आहे, आपल्या देशात तिला मान्यता नाही, आणि ‘चालेल का’ यावर सिनियरांनी तुझ्याकडून आठ दिवसांत मत मागितलंय. पुरवठादाराच्या जाडजूड फाइलीत ‘परवानगी’ हा शब्द पानोपानी आहे असंही म्हणालीस. ते ऐकून मला माझीच एक फजिती आठवली.

वकिलीत चार-पाच वर्षं झाली होती. पक्षकार कोंबड्यांचं औषध बनवायचा, औषध निरीक्षकाने माल जप्त केलेला. ‘परवाना आहे, माय लॉर्ड’ म्हणत मी छातीठोकपणे कागद पुढे केला. न्यायमूर्तींनी चष्मा पुसला, कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, हा नमुना २९. चाचणी-तपासणीपुरतं औषध बनवायचा परवाना. विक्रीचा कुठाय?’ आदल्या रात्री जागून मी सतरा पानं लिहिली होती, पण माथ्यावरचा आकडा वाचला नव्हता. पक्षकाराने लपवलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. त्या बिचाऱ्याने काही लपवलं नव्हतं.

म्हणून आधी एक कोरा कागद घे आणि फाइलीतला प्रत्येक कागद कुठल्या नमुन्यातला, कोणी दिलेला, कशापुरता आणि कधीपर्यंतचा, एवढंच मांड. नव्या औषधाच्या आयातीची परवानगी नमुना ४५मध्ये मिळते, देशात बनवायची ४६मध्ये. नमुना ४४ हा नुसता अर्ज. पुरवठादार मंडळी त्याचीच पोच शिक्क्यासकट जोडतात आणि आपण शिक्का बघून खूश होतो. दुसरं, २०१९चे नव्या औषधांचे नियम समोर ठेवून मत लिहायला बसू नकोस. ते माणसांच्या औषधांचे. जनावरांच्या नव्या औषधांसाठी १९४५च्या औषध नियमावलीतला भाग दहा-अ पाहायचा. त्यातला नियम १२२-ई दोनदा वाच. नवं औषध म्हणजे काल-परवा शोधलेलं, एवढाच अर्थ तिथे नाही. जुन्या, मान्य औषधाच्या नावाने नवा दावा केला, मात्रा बदलली, देण्याचा मार्ग बदलला, तरी ते नवं. आणि लस तर, अधिकाऱ्याने वेगळं प्रमाणित केलं नसेल तर, नवीच धरायची.

संघाचे अध्यक्ष एक गोष्ट हमखास काढतील: ‘गायींच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत सरकारनेच दुसऱ्या रोगाची लस टोचली होती की!’ टोचली होती, खरंच. ऑगस्ट २०२२मध्ये हिस्सार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केलेली लम्पी-प्रोव्हॅकइंड जाहीर झाली, पण त्या पावसाळ्यात आपल्याकडच्या गोठ्यांत पोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. मात्र ती इथेच बनणारी होती, परवान्याची होती, आणि गायींना द्यायची सूचना खुद्द सरकारची होती. यातलं एकही तुझ्या संघाकडे नाही. लम्पीसाठीच बनवलेल्या बायोलम्पीव्हॅक्सिनला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाल्याचं जाहीर झालं ते फेब्रुवारी २०२५मध्ये. साथ काही तोवर थांबली नव्हती. या उशिराचा राग तुला येईल, मलाही येतो; पण तो मतात उतरू देऊ नकोस.

पुढेमागे परवानगीला नकार मिळाला आणि संघाला कोर्टात जायचंच असलं, तर डायक्लोफिनॅकचं प्रकरण मुळापासून वाच. या औषधाचा अंश असलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००८मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणसांच्या औषधावर ‘प्राण्यांसाठी नाही’ असं छापायला लावलं. तरी आठवडी बाजाराजवळच्या औषधाच्या दुकानात ३० मिलिलिटरची बाटली मिळायची, माणसाच्या नावावर. अगं, माणसाला लागतं ३ मिलिलिटर. ३०ची बाटली कोणासाठी, हे दुकानदारालाही ठाऊक आणि म्हैसवाल्यालाही. २०१५मध्ये सरकारने एका मात्रेचीच, ३ मिलिलिटरची कुपी ठेवली. म्हशीसाठी अशा कुप्या फोडत कोण बसणार? कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७मध्ये हरल्या. एका बाटलीच्या मापात केवढी अक्कल होती बघ.

त्याच वर्षीचा फायझर कंपनीच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही काढ. औषध कायद्याच्या कलम २६-अ खाली औषध बंद करण्याआधी तांत्रिक सल्लागार मंडळाला विचारणं सक्तीचं नाही असं त्यात ठरलं, पण सरकारचं समाधान फाइलीतल्या संबंधित सामग्रीवर उभं असायला हवं, हेही. लस गुणकारी की नाही यावर न्यायाधीश डॉक्टरांशी वाद घालत बसत नाहीत. निर्णय घेताना अधिकाऱ्यासमोर काय होतं, ते विचारतात. म्हणून संघाने आजच नीट अर्ज करावा, पशुवैद्यकांचा अहवाल, आजारी जनावरांच्या नोंदी, परदेशातले चाचण्यांचे कागद जोडून. जे जोडलंच नाही त्याच्यावरून उद्या कोर्टात भांडता येणार नाही.

आणखी एक, जे पुस्तकात सापडणार नाही. संघाच्या डॉक्टरांशी स्वतः बोल. टोचल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, बर्फाची पेटी गावापर्यंत कशी जाणार, गाय गाभडली तर भरपाई कोण देणार, हे विचार. त्यांना उत्तरं देता आली नाहीत, तर तुझं मत अर्धं लिहून झालं असं समज.

आणि ‘हरकत नसावी’ असं कुठेही लिहू नकोस. हरकत आहे किंवा नाही, एक काहीतरी लिही.

कच्चं मत टपालाने नको, रोशनकडे दे, तो शनिवारी इकडे येतोय. तुझ्या आईचं लिंबाचं लोणचं संपलं, तेही त्याच्याबरोबर.

तुझा,
मामा