परत फिरण्याची मोकळीक

सुटीच्या दिवशीं शिदोरी बांधून डोंगर चढावयास जाण्याचा प्रघात आपल्या सुशिक्षित वर्गांत आतां चांगलाच रुळला आहे. सह्याद्रीच्या आश्रयानें राहणाऱ्यांस त्याचें अप्रूप नाहीं. पण विदर्भाच्या पूर्वेस, जेथें धानाच्या बांध्या, तलाव आणि वैनगंगेचें पात्र यांचेंच राज्य आहे, तेथेंहि हा छंद पोंचला आहे. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. त्यास डोंगरहि आहेत हें तुमसरच्या उत्तरेस गेल्याखेरीज ध्यानांत येत नाहीं. तेथें सातपुड्याचा एक फांटा, अंबागडची रांग, सपाटीवर उतरून आला आहे. उंची फारशी नाहीं. सकाळीं निघून, माथा गांठून, दिवेलागणीच्या आंत परततां येतें. वर उघडा कातळ, खालीं साग, ऐन, तेंदू. आणि या टापूंत हिंडतांना मधूनच जमिनीस पडलेले प्रचंड चर दिसतात, ज्यांत पावसाचें पाणी सांचून राहिलें आहे. हे चर निसर्गाचे नव्हेत. त्या मँगनीजच्या जुन्या, टाकून दिलेल्या खाणी होत.

मँगनीज म्हणजे लोखंड नव्हे, परंतु पोलादाच्या घरांत त्यावांचून चूल पेटत नाहीं असें म्हटल्यास चालेल. वितळलेल्या लोखंडांतील प्राणवायु आणि गंधक यांचा उपद्रव तें काढून घेतें आणि पोलादास चिवटपणा आणतें. या धातूचा बहुतेक सारा खप पोलादाच्या कारखान्यांत होतो तो यामुळेंच. १९०० च्या सुमारास मध्यप्रांतांत या खाणींचें काम सुरू झालें आणि पहिल्या महायुद्धापूर्वींच हिंदुस्थान या धातूच्या बाबतींत रशियाच्या बरोबरीस येऊन बसला. चिखला, डोंगरी बुजुर्ग येथला काळा दगड आगगाडीनें बंदरास जाई व तेथून परदेशच्या भट्ट्यांत. भूगर्भखात्याचे फर्मर यांनीं १९०९ सालीं हिंदुस्थानांतील मँगनीजवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या डोंगरांतील एका खडकास त्यांनीं ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. गारगोटी आणि मँगनीजयुक्त तांबूस गार्नेट यांचा हा अति कठीण खडक. गोंड लोकांवरून हें नांव पडलें. आम्हांस या नामकरणाचा राहून राहून विचार येतो. एका जातीचें नांव खडकास मिळालें व तें जगांतील भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत गेलें. पण हा खडक ज्यांनीं पहारीनें फोडला त्यांपैकीं एकाचेंहि नांव आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत आढळलें नाहीं.

अंबागडच्या किल्ल्याची गोष्ट याहून निराळी. देवगडचा राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजा खान पठाण यानें तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढें तो भोसल्यांकडे आला व त्याचा तुरुंगासारखा उपयोग झाला. आंतल्या विहिरीचें नासलेलें पाणी पाजून कैद्यांस मारीत, अशी आख्यायिका सांगतात. हें सर्व माहीत असूनहि आपण किल्ल्याच्या दरवाजाशीं पोंचलों कीं आवाज खालीं करतों, मुलांस ‘येथें नीट उभे राहा’ म्हणतों. खाणीच्या कांठाशीं मात्र आपण फराळाचे डबे उघडतों. हा भेद कां? दोन्ही ठिकाणें ओसाड, दोन्ही मनुष्याच्या हातचीं, दोन्ही ठिकाणीं दुःख झालेलें. एका ठिकाणीं राजाचें नांव आहे, दुसऱ्या ठिकाणीं फक्त मजुरांचे हात होते, याहून दुसरें कारण आम्हांस सुचत नाहीं. महाराष्ट्रांत किल्ल्यांची भक्ति फार, ती असावीहि. परंतु तिच्यामुळें इतिहास म्हणजे तटबंदी अशी जी समजूत मुलांच्या मनांत घट्ट होते, तिचा कोणी विचार करीत नाहीं.

येथें मुख्य प्रश्न उभा राहतो. ज्या चढणीवर आपण हौसेनें घाम गाळतों, त्याच चढणीवर दुसऱ्या कोणीं पोटासाठीं घाम गाळला होता. बायका डोक्यावर दगडांच्या पाट्या घेऊन हीच वाट उतरल्या. ऊन तेंच, कातळ तोच, पायाच्या पोटऱ्यांस येणारे गोळेहि तेच. मग एकाचा श्रम आनंद आणि दुसऱ्याचा श्रम कष्ट, हें कशावरून ठरतें? श्रमाच्या मानावर ठरतें म्हणावें, तर कित्येक गिर्यारोहक मजुराहून अधिक दमतात. मोबदल्यावर ठरतें म्हणावें, तर मजुरास मोबदला मिळत होता, आपल्याला तर पदरचें खर्चावें लागतें! आमच्या मतें भेद एकाच गोष्टींत आहे: आपल्याला वाटेल तेथून परत फिरतां येतें. पाय दुखला, आभाळ आलें, मुलें कंटाळलीं, कीं आपण अर्ध्या वाटेवरून वळतों आणि त्यांत कोणाचा भाकरतुकडा चुकत नाहीं. डोंगरावर आपण जो आनंद भोगतों त्यांत हवेचा, दृश्याचा वांटा असतोच. पण त्याच्या मुळाशीं ही परत फिरण्याची मोकळीक असते. ती काढून घ्या, आणि तीच चढण, तोच सूर्योदय नकोसा होईल.

हें पटलें तर एक अवघड गोष्ट पुढें येते. आपली मोकळीक ज्या ठिकाणीं आपण सर्वांत गोड करून घेतों, तें ठिकाण दुसऱ्याच्या अडकलेपणानें घडलेलें आहे. हिंदुस्थानांत खाणींविषयीं पहिला कायदा १९०१ सालीं झाला. १९२३ च्या कायद्यानें तेरा वर्षांखालील मुलांस खाणींत कामास ठेवण्याची बंदी केली, आणि जमिनीवरील कामाची मर्यादा आठवड्यास साठ तास ठरविली. कायद्याचें हें वय जरा थांबून वाचावें. आज आपल्याबरोबर जीं मुलें त्या खड्ड्यांत खडे टाकून ‘डुबुक्’ असा आवाज ऐकतात, त्यांचेंच हें वय.

मग अशा ठिकाणीं जाऊंच नये काय? कांहीं सज्जनांचें मत असें पडेल. पण न जाण्यानें कोणाचा काय लाभ होतो, हें आम्हांस कळत नाहीं. आणि हा नियम चालवूं म्हटलें तर घरांत भांडें शिल्लक राहणार नाहीं. स्वयंपाकघरांतील पोलादाच्या ताटांतहि मँगनीजचा अंश असतो. डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघणारें मँगनीज-द्विप्राणिद कोरड्या घटांसाठीं, म्हणजे विजेरीच्या मसाल्यासाठीं, वापरतात. अंधार पडल्यावर उतरतांना आपण जी विजेरी पेटवितों तिच्या पोटांत याच डोंगराची भुकटी असण्याचा संभव आहे. तेव्हां डोंगरावर न जातांहि डोंगर आपल्या घरीं आलेलाच असतो.

दुसरी एक वृत्ति याहून अधिक आढळते व ती आम्हांस अधिक धोक्याची वाटते. डोंगराची चिरलेली कूस पाहून शहरचा मनुष्य हळहळतो. सृष्टीवर केवढा हा अत्याचार, म्हणतो. मग पाण्याच्या कडेनें उगवलेली झाडें पाहून, ‘बरें झालें, काळानें जखम भरून आणली,’ असें स्वतःचें समाधान करून घेतो. या हळहळींत माणसें कोठेंच नाहींत. या टापूंतील कित्येक खड्डे दगड संपला म्हणून ओस पडले नाहींत. १९२९ नंतर जगभर मंदी आली, पोलादाची मागणी बसली, भाव कोसळला, आणि येथून हजारों कोसांवर झालेल्या हिशेबानें इकडच्या खाणीमागून खाणी बंद झाल्या. त्या दिवशीं ज्यांची मजुरी गेली त्यांना डोंगराची जखम भरण्याचें सुख वाटलें असेल काय? डोंगर खणला गेला म्हणून शहर रडतें. खणणें थांबलें म्हणून खेडें रडतें. दोघांचें रडणें खरें असूं शकेल, पण पहिलें फुकट आहे.

आणि खणणें चालू असतांना सर्व ठीक होतें, असेंहि नव्हे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षें छातींत गेली तर ती मज्जासंस्थेस लागते. चाल अडखळते, चेहरा थिजतो, आवाज बारीक होतो. ग्लासगोच्या कूपर नांवाच्या वैद्यानें हा विकार १८३७ सालींच लिहून ठेविला होता, म्हणजे भंडाऱ्याच्या डोंगरास पहिली पहार लागण्याच्या साठ वर्षें आधीं. ज्ञान होतें, तें पाटी वाहणाऱ्या बाईपर्यंत पोंचविण्याची निकड कोणास होती, असा प्रश्न आहे.

खाणींचा संसार तेथें संपलेलाहि नाहीं. १९६२ सालीं स्थापन झालेली व पुढें पूर्णपणें सरकारच्या ताब्यांत आलेली कंपनी चिखला व डोंगरी येथें मँगनीज काढते. यंत्रें आलीं, कायदे कडक झाले. म्हणून ‘टाकून दिलेल्या’ खाणी हा शब्द अर्धाच खरा. एका खड्ड्यांत पाणी आहे, पलीकडच्यांत काम आहे.

त्याच डोंगरांत गायमुख म्हणून महादेवाचें स्थान आहे. झऱ्याचें पाणी तेथें गाईच्या मुखांतून पडतें, आणि महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते. जत्रेकरूंचें चालणें आमच्या वरच्या विभागणींत नीट बसत नाहीं. तो हौसेनें चालत नाहीं, आणि त्यास कोणी हांकलीतहि नाहीं. बोललेला नवस त्यास परत फिरूं देत नाहीं, पण तो नवस त्यानें आपणच बोललेला असतो. आपली मोकळीक आपल्या हातानें थोडी बांधून घेऊन चालणारा हा मनुष्य, सुटीच्या दिवशीं डोंगरावर जाणाऱ्यास कांहीं शिकवूं शकेल असें वाटतें. खाणीच्या कांठाशीं जावयाचें तर हें काय आहे, कोणीं खणलें, कशासाठीं, आणि तें कां थांबलें, एवढें मुलांस सांगितल्याखेरीज डबा उघडावयाचा नाहीं, इतका नेम करावयास हरकत नसावी. डबा उघडूं नये असें आम्ही म्हणत नाहीं, भूक लागते.

मुलें ऐकतात कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. त्यांचें लक्ष बहुधा त्या काळ्या दगडांकडे असतें. हातांत घेतांच तो दिसतो त्याहून जड लागतो, आणि मऊ जातीचा असला तर बोटें काळीं करतो. मग तो खिशांत घालून घरीं नेण्याचा हट्ट सुरू होतो. असा एक दगड घरीं आणावा, कीं जेथला तेथें ठेवावा, याविषयीं आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.