बिल आल्यावर

शिराळ्याच्या पेठेत किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत कित्येक नावांपुढे ‘बिल आल्यावर’ एवढंच लिहिलेलं असतं. बिल म्हणजे उसाचं. तालुक्याचा विश्वासराव नाईक कारखाना चिखलीला, वारणेपलीकडे वारणानगर, खाली वाळव्याकडे राजारामबापू. ऊस कुठेही जावो, त्या पैशावर वाणसामान, मुलांची फी आणि सोसायटीचं कर्ज भागतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह.

कारखान्यांची ओढाताण खोटी नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच अडकला. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान भाव) मात्र २०१८-१९ मधल्या क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२४-२५ मध्ये ३४० वर गेली. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर ऐन हंगामात बंधनं घातली.

पण अशा वर्षी ही झळ कुणी सोसायची? बँकेचा हप्ता थांबवता येत नाही, म्हणून बिल थांबतं. म्हणजे अडचणीतल्या धंद्याला भांडवल पुरवतो तो अर्ध्या एकराचा शेतकरी, आणि त्याला सांभाळून घेतो तो किराणावाला. याला मी सामाजिक प्रश्न म्हणतो, नुसता हिशेबाचा नव्हे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. चांगलंच आहे. पण नफा आटला की ही रक्कमही आटते, आणि लोकांची नड नेमकी तेव्हाच वाढलेली असते. ऊसतोड मजुरांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं, ते मला जास्त पटतं. कोयता चालला की मजुराचा वाटा निघाला. ताळेबंदाची वाट बघायला नको.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तुरुंगातून सुटलेल्यांना त्यांनी रखवालीला ठेवलं, वसाहतीत शिवाशिव पाळू दिली नाही. नफ्याचा आकडा लागल्यावर द्यायची ती देणगी नव्हती. कारखाना चालायचाच तसा.

आजच्या कारखान्यांकडून वसाहतीची अपेक्षा नाही. बिल लांबणार असेल तर किती दिवस, हे हंगाम संपण्याआधी प्रत्येक गट ऑफिसवर लिहून लावा, व्याज न मागता जमा करा, आणि पहिले पैसे सगळ्यात कमी टनवाल्यांचे काढा.