एकाच पडद्यावरचे दोन बोलपट

मध्य प्रदेशातल्या रामाकोन्यात एका घरचा माळा रिकामा करायचं काम निघालं. नागपूरला नोकरी करणारा नातू सुटीवर आला होता. रद्दीवाला दारात उभा होता. पोत्यात कागद भरताना नातवाच्या हाती आजीची भुलाबाईच्या गाण्यांची वही लागली. पानं पिवळी पडलेली, कोपरे उंदरांनी कुरतडलेले, निळ्या शाईवर हळदीच्या बोटाचा डाग.

"आबाजी, हे काहून ठेवलं? मोबाईलवर सारं सापडते आता."

आबाजी निवृत्त मास्तर. म्हणाले, "बस जरा. मुंबईत गिरगावात मॅजेस्टिक टॉकीज होती. 14 मार्च 1931 ला तिथं आपल्या देशातला पहिला बोलपट लागला, अर्देशीर इराणींचा 'आलम आरा'. नायक आपला मास्टर विठ्ठल. पडद्यावरची माणसं बोलतात हे ऐकायला अशी झुंबड उडाली, की पोलीस बोलवावे लागले. चार आण्याचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं. पुढल्याच वर्षी त्याच पडद्यावर प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती."

"मग?"

"मग टॉकीज पाडली. तिच्याजवळ केशवराव कोठावळ्यांनी पुस्तकांचं दुकान काढलं होतं, मॅजेस्टिक बुक स्टॉल. टॉकीज गेली, नाव पुस्तकांवर राहिलं. पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या काळी जुन्या फिती त्यातल्या चांदीसाठी विकून टाकत. ज्याच्यासाठी एवढी गर्दी लोटली, त्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज सापडत नाही. 'अयोध्येचा राजा'ची प्रत जपली गेली, म्हणून तो आजही पाहता येतो. पडदा तोच, गाजले दोन्ही. राहिला एकच."

नातवानं वहीतल्या एका गाण्याची ओळ मोबाईलवर शोधली. सापडली नाही. त्यानं रद्दीवाल्याला बाकी कागद दिले आणि वही घेऊन आजीजवळ जाऊन बसला. उंदरांनी खाल्लेले शब्द आजी म्हणून दाखवत गेली, तो नव्या वहीत उतरवत गेला. सौंसरच्या हिंदी शाळेत शिकलेल्या त्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा एवढं मराठी लिहिलं.

तात्पर्य : गाजलं म्हणून काही टिकत नाही, कुणीतरी जपलं तरच टिकतं. तुमच्या माळ्यावरचं गाठोडं रद्दीत देण्याआधी एकदा सोडून पाहा, आणि ज्यांना त्यातलं वाचून दाखवता येतं ती माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा.